हाटे सरांनी काढलेला 'सु'

"सर, हे एवढं बघून द्या, संध्याकाळी चार फ्लेक्स पोलादपूरला पाठवायचेत," असं म्हणून राजेशने कॉम्प्युटरचा पडदा हाटे सरांकडे वळवला, आणि सरांनी चष्मा पुसायला घेतला. सर चष्मा पुसायला लागले की राजेशला धडकी भरायची. त्याचा अर्थ, आता निदान तीन चुका निघणार.

अश्वजित हाटे सर महाडच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते. राजेश त्यांचाच विद्यार्थी. शाळेत असताना त्याने सरांचा बराच मार खाल्ला होता, आणि आता त्याने बाजारपेठेत फ्लेक्स छापायचं दुकान काढल्यावर सर रोज सकाळी दहा वाजता आपण होऊन येऊन बसत. पगार नाही, मानधन नाही. फक्त महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत चुकीचं मराठी लटकू द्यायचं नाही, एवढा एकच निश्चय. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे 'हार्दीक' त्यांनी 'हार्दिक' केले होते, 'श्रद्धांजलि' सरळ केल्या होत्या, आणि एकदा तर एका भावी नगरसेवकाला 'भावि' राहण्यापासून वाचवलं होतं.

पडद्यावर मजकूर होता तो असा: 'भव्य सुवार्तिक सभा. वक्ते : शांतवन ओहोळ. रविवार, दुपारी चार वाजता. मंडईवरचे सभागृह, पोलादपूर. सर्वांनी अगत्याने यावे. चहापानाची सोय आहे. आयोजक : नवदीप मंडळ.'

"हे सुवार्तिक काय आहे?" सरांनी विचारलं.

"चिठ्ठीत तसंच आहे, सर."

"वार्तिक म्हणजे सूत्रावरची टीका. व्याकरणातला शब्द. पोलादपूरच्या मंडईवर व्याकरणाची सभा भरणार आहे का?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. वार्षिक! ष-चा त झालाय. सभा कसली असते? वार्षिक असते. आणि पुढचा सु कुठून तरी चिकटलाय."

"गिऱ्हाइकाला एक फोन करून विचारू का?"

हाटे सरांनी राजेशकडे असं पाहिलं, की तो पुन्हा सातवी ब-मध्ये जाऊन उभा राहिला. "राजेश, गिऱ्हाइकाला विचारून शुद्धलेखन ठरत नसतं."

सरांनी सु काढला, त-चा ष केला आणि गुरुवारी संध्याकाळी पोलादपुरात चार ठिकाणी 'भव्य वार्षिक सभा' लटकली.

शनिवारी सकाळी दुकानाच्या पायरीशी एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात धुळीने भरलेल्या चपला. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि अगदी अजिजीने म्हणाले, "नमस्कार. मी शांतवन ओहोळ. नगरहून आलो. पोलादपूरला उतरलो तेव्हा बघितलं, आमचा एक सु गेलाय. इथं राहिला असेल तर बघा."

राजेशने हळूच हाटे सरांकडे बोट दाखवलं.

"तो मी काढला," सर ताठ बसून म्हणाले. "सुवार्तिक असा शब्द नाही."

"आहे, सर."

"मी चौतीस वर्षं मराठी शिकवलंय. असा शब्द नाही."

"असेल बुवा," ओहोळ म्हणाले. "पण मी पस्तीस वर्षं तो आहे."

राजेशला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. ओहोळांनी मात्र सरांना टोमणा मारला नव्हता. ते स्टुलावर टेकले आणि शांतपणे समजावू लागले. वार्ता म्हणजे बातमी. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. ख्रिस्ताची सुवार्ता गावोगाव फिरून सांगतो तो सुवार्तिक. पाळक एका मंडळीत राहतो, सुवार्तिकाला घर रस्त्यावर. "माझा हुद्दाच आहे तो. आणि आमची सभा ती सुवार्तिक सभा. पोलादपुरात आमची चारपाच घरं आहेत, त्यांचं नवदीप मंडळ. आता वार्षिक सभा म्हटल्यावर त्यांनाच कळेना, आपण वर्गणी घेऊन यायचं की काय."

"शब्दकोशात दाखवा," सर म्हणाले.

"माझ्याजवळ शब्दकोश नाही. एकच पुस्तक आहे."

"मग मी बघतो," असं म्हणून सर उठले आणि भर उन्हात घरी गेले.

घरी तीन शब्दकोश होते. पहिल्या दोघांनी सरांची बाजू घेतली. सर विजयी मुद्रेने ताटावर बसणार, तेवढ्यात गीताबाई म्हणाल्या, "आणि तो माळ्यावरचा जाडा?"

"त्याची गरज नाही."

"गरज नाही की भीती वाटते?"

एवढं म्हटल्यावर सर माळ्यावर चढलेच. जाड्या शब्दकोशाने आठशेव्या पानाच्या पुढे कुठेतरी, वाळवीने अर्धी खाल्लेली का होईना, पण स्पष्ट ओळ दिली : सुवार्तिक, सुवार्ता सांगत फिरणारा. खालून गीताबाईंनी दोनदा हाक मारली.

"अहो, आमटी निवतेय. सापडला का शब्द?"

"सापडला," वरून आवाज आला. "चुकलो मी."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य गीताबाईंनी प्रथमच ऐकलं. त्यांनी आमटी पुन्हा गॅसवर ठेवली.

हाटे सरांचं एक होतं. चूक दुसऱ्याची असो की स्वतःची, दिसली की ती दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी राजेशकडून 'सुवार्तिक' असं ठळक अक्षरांत चार पट्ट्यांवर छापून घेतलं, ओहोळांची माफी मागितली, आणि "मीच चिकटवणार" म्हणून दुपारच्या एसटीने पोलादपूर गाठलं. तिथं एका रंगाऱ्याची शिडी मिळवली आणि एसटी स्टँडसमोरच्या पहिल्या फ्लेक्सवर चढले. तोंडात चिकटपट्टी, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात सुवार्तिक.

खाली करवंदांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल. ती मान वर करून म्हणाली, "काय लिवताव, गुरुजी?"

शिडीवर असला तरी मास्तर तो मास्तरच. सरांनी तोंडातली पट्टी क्षणभर काढली आणि खुलासा केला. "सु म्हणजे चांगली. वार्ता म्हणजे बातमी. सुवार्तिक म्हणजे चांगली बातमी घेऊन येणारा माणूस. तो उद्या इथं येणार आहे." आणि पट्टी पुन्हा दातांत धरली.

बाई टोपली सोडून उठलीच. "नवदीप मंडळात? चांगली बातमी? म्हंजे आमचा साकव झाला म्हनायचा, गुरुजी?"

सरांना कोणता साकव, कोणाचा साकव, काही ठाऊक नव्हतं. पट्टी सरळ बसतेय की नाही एवढंच ते बघत होते. तोंड बंद होतं. ते म्हणाले, "हूं."

त्या एका 'हूं'ने जे घडवलं, ते सरांच्या चौतीस वर्षांच्या व्याख्यानांनीही घडवलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. ती बाई म्हणजे खडकवाडीची आवडी. पोलादपूरपासून आत डोंगरात ही वाडी. वाडी आणि रस्ता यांच्या मधे ओढा, आणि ओढ्यावर टाकलेलं सागाचं एक लाकूड, तेवढाच पूल. वाडीने एक मंडळ काढलं होतं. त्याचं नावही, सगळ्या कोकणात दुसरं नाव शिल्लक नसल्यासारखं, नवदीप. ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पक्का पूल, हवा म्हणून मंडळाने अर्ज तयार केला होता, पण त्याला वार्षिक सभेचा ठराव जोडायचा होता आणि वार्षिक सभा सहा वर्षं झालीच नव्हती. कारण अध्यक्ष मुरारीशेठ राहायचे पोलादपूरच्या बाजारात आणि त्यांचा विरोधक अनिल राहायचा मुंबईला, नालासोपाऱ्यात. मुरारीशेठांनी सभा बोलावली की मुंबईवाले यायचे नाहीत, आणि अनिलने बोलावली की मुरारीशेठांना कंबरदुखी व्हायची.

गुरुवारी 'नवदीप मंडळ, वार्षिक सभा' असा फ्लेक्स दिसताच मुरारीशेठांना वाटलं, अनिलने आपल्याला न विचारता सभा लावली. फ्लेक्सचा फोटो मुंबईला पोचला तेव्हा अनिलला वाटलं, मुरारीशेठांनी गुपचूप सभा उरकायचा घाट घातलाय. दोघांनीही मनाशी एकच ठरवलं : जायचं आणि सभा उधळायची. अनिलने रविवारसाठी एक बस ठरवली.

आणि शनिवारी संध्याकाळी आवडीचा निरोप वाडीत, वाडीतून मुंबईत पसरला : साकव मंजूर झाला, उद्या साहेब स्वतः सांगायला येणार. अनिलने दुसरी बस ठरवली.

हाटे सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तीन फ्लेक्स दुरुस्त केल्यावर रंगारी शिडी मागायला आला, म्हणून आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरचा चौथा तेवढा राहिला, ही एकच सल मनात घेऊन ते महाडला परतले.

रविवारी सकाळी दहाला ते दुकानात आले तर राजेश घाईत होता. "सर, दोन अर्जंट आहेत. पटकन बघा."

पहिला : 'ओढ्यावरील साकव मंजूर करून आणल्याबद्दल अध्यक्ष मुरारीशेठ यांचे हार्दीक अभिनंदन!' दुसरा : 'साकव मंजूर करून आणल्याबद्दल युवा नेते अनिलभाऊ यांचे हार्दीक अभिनंदन !'

सरांनी दोन्ही ठिकाणी 'हार्दिक' केलं, दुसऱ्या फ्लेक्सच्या उद्गारचिन्हाआधीची मोकळी जागा काढली, "जाऊ दे" म्हणाले आणि मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. नवदीप मंडळ. रविवार, दुपारी चार. मंडईवरचे सभागृह.

सरांच्या कानात एक करवंदवाली बाई बोलली आणि त्यांचा स्वतःचा 'हूं' त्यांना ऐकू आला.

"राजेश, या मुरारीशेठांना फोन लाव."

फोनवर सर म्हणाले, "साकव मंजूर झालेला नाही. माझी चूक झाली आहे. सभेच्या आधीच लोकांना सांगा."

"तू कोन?" पलीकडून आवाज आला.

"मी मुद्रितं तपासणारा."

"तुला अनिलनं फोन करायला लावला ना? त्याला सांग, साकव माजा हाय!"

मग अनिलला फोन लावला. तो बसमधे होता आणि मागे गाणी चालली होती. "अंकल, टेन्शन नहीं लेने का. मुरारीशेठला बोला, क्रेडिट घ्यायचं बंद कर. साकव पब्लिकचा हाय. म्हणजे आपला हाय."

तिसरा फोन ओहोळांना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती माणसं येतायत म्हणता?"

"दोन बसगाड्या आणि एक वाडी."

"माझ्या सभेला नेहमी अकरा येतात," ओहोळ म्हणाले. "त्यातली चार माझ्या नात्यातली. येऊ द्या हो त्यांना. खरं काय ते तोंडावर सांगू."

"तुम्ही नाही, मी सांगणार," सर म्हणाले. "चूक माझी आहे."

चार वाजता मंडईवरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे मुरारीशेठांची माणसं, डावीकडे अनिलची, मधे खडकवाडीच्या बायका, आणि अगदी पुढे, या गर्दीत आपण चुकून आलो की काय अशा चेहऱ्याने बसलेली ओहोळांची खरीखुरी नवदीप मंडळी, अकराच्या अकरा. ओहोळ व्यासपीठावर येताच मुरारीशेठांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. ती नीट बसायच्या आत अनिलने वर दुसरी टाकली. हातात दोन नारळ आले. ओहोळांना बसायला जागा होती, पण नारळ ठेवायला नव्हती.

ते माइकसमोर उभे राहिले. "बंधुभगिनींनो, मी तुम्हांला एक सुवार्ता सांगायला आलो आहे..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. टाळ्या, शिट्ट्या, बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. आवडीने पदर डोळ्यांना लावला. ते पाहून हाटे सर जागेवरून उठले. बाकी सगळ्यांचं काय व्हायचं ते होवो, पण या बाईला आणखी एक मिनिटसुद्धा खोटी आशा लावून ठेवायची नाही, असं ठरवून ते व्यासपीठावर चढले आणि त्यांनी माइक हातात घेतला.

"साकव मंजूर झालेला नाही," ते म्हणाले.

फटाके वाजतच राहिले, पण आतल्या टाळ्या थांबल्या.

सरांनी काही लपवलं नाही. सु कसा काढला, त-चा ष कसा केला, पुन्हा सु कसा चिकटवला, शिडीवर 'हूं' कसं म्हटलं, सगळं क्रमाने सांगितलं. हे गृहस्थ सरकारी साहेब नाहीत, धर्मोपदेशक आहेत. ही सभा तुमची नाही, त्यांची आहे. "सर्व अपराध माझा," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

एकदम गलका उठला. मुरारीशेठ ओरडले, "मंग मी शाल कशाला घातली?" अनिल ओरडला, "दोन बस आणल्या मी! दोन!" कोणी म्हणालं, मास्तरला धरा. कोणी म्हणालं, चहा तरी हाय का? दोन्ही बाजूंची माणसं उठून दाराकडे निघाली, आणि दार एकच असल्यामुळे तिथंच त्यांची जुंपायची वेळ आली.

तेवढ्यात आवडी खुर्चीवर उभी राहिली.

"बसा रे सगले!" तिचा आवाज ओढ्यापलीकडे हाक मारून तयार झालेला होता. त्याला माइक लागत नव्हता. "कुटं चाललाव? सा वर्सांनी मुंबैवाले हायत, वाडीवाले हायत, शेठ हाय, त्याची कंबर पन आज बरी हाय. एका छपराखाली परत कदी यायचाव? गुरुजी चुकला तो चुकला. पन त्यानं लिवलंवतं ना, वार्षिक सभा? मंग हू द्या वार्षिक सभा!"

दारातली गर्दी थबकली. पहिला सावरला तो अनिल. "असं कसं? नोटीस लागते. पोटनियमात हाय, जाहीर जागी तीन दिवस आधी नोटीस."

"गुरवारपासून लागलीय की!" मागून कोणीतरी म्हणालं.

"पण काल सरांनी ती बदलली. दोन दिवस वार्षिक आणि एक दिवस ते... सु-सु काय ते. कॅन्सल!"

सगळ्यांचे डोळे हाटे सरांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच, आपलं एक काम अर्धवट राहिलं याचा त्यांना आनंद झाला. "घाटाच्या रस्त्यावरचा फ्लेक्स दुरुस्त करायचा राहिला आहे," ते म्हणाले. "त्यावर अजूनही वार्षिकच आहे. गुरुवारपासून, अखंड."

दोन पोरं मोटारसायकलवर जाऊन फोटो काढून आली. होता. वार्षिक होता.

आता प्रश्न, अध्यक्षस्थानी कोण. मुरारीशेठ म्हणाले, मी. डावी बाजू उभी राहिली. अनिल म्हणाला, मी. उजवी बाजू उभी राहिली. आवडीने व्यासपीठाकडे बोट केलं. "तो बाबा बसंल. त्याला ना शेठ ठावा, ना अनिल. आनि दोगांच्या शाली त्याच्या अंगावर हायत."

"अहो, पण माझी सभा..." ओहोळ म्हणाले.

"ती मागनं. आदी आमची."

ओहोळांनी आपल्या अकरा जणांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एका आजीबाईंनी मान डोलावली. म्हणजे, करून टाका एकदाचं. मग ओहोळांनी दोन्ही शाली घडी घालून बाजूला ठेवल्या, बाह्या सारल्या आणि खुर्चीवर बसले. इतिवृत्त लिहायचं काम हाटे सरांच्या गळ्यात पडलं. "चूक तुमची, वही तुमची," असं आवडीने सांगून टाकलं.

पस्तीस वर्षं गावोगाव फिरून, कोणी हुसकावलं तरी शांत राहून आणि कोणी भांडलं तरी ऐकून घेऊन ओहोळांना माणसांच्या सभेचं जे ज्ञान झालं होतं, ते त्या दोन तासांत दिसलं. एका वेळी एकच बोलेल. जो ओरडेल त्याचा नंबर शेवटी. मुरारीशेठ तीनदा ओरडले आणि तीनदा रांगेत शेवटी गेले. साकवाचा ठराव मांडला अनिलने, अनुमोदन मुरारीशेठांचं. कारण ओहोळांनी सांगितलं, "दोघांची नावं एकाच ओळीत येणार असतील तरच मी सही करीन."

मग नव्या अध्यक्षाची निवड. पुन्हा दोन नावं, पुन्हा दोन बाजू. ओहोळ म्हणाले, "मला एवढंच सांगा, तो ओढा रोज कोण ओलांडतं? हात वर करा."

मुरारीशेठांचा हात वर झाला नाही. अनिलचाही नाही. मधल्या रांगांतल्या बायकांचे हात वर झाले, आणि त्यांतला एक हात करवंदांच्या चिकाने काळा पडलेला होता.

"अगो, मी कशाला? मला सही पन धड येत नाय," आवडी म्हणाली.

"आता येईल," हाटे सर वहीतून मान वर करून म्हणाले. "सोमवारपासून मी शिकवतो."

आवडी बिनविरोध निवडून आली.

सहा वाजून गेले होते आणि हॉल साडेसहापर्यंतच मिळाला होता. ओहोळ उठून उभे राहिले. आवाज बसला होता. "आता माझा विषय," ते म्हणाले. "ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं." पण चहा अजून उकळत होता, आणि दोन तास ज्याने आपलं ऐकलं त्याचं पाच मिनिटं न ऐकता उठणं बरं दिसलं नसतं. सगळे बसून राहिले.

"आज दिवसभर माझ्या शब्दावरून घोळ झाला," ओहोळ म्हणाले, "तर त्याचं मूळ सांगतो. शब्द मराठी, पण त्यामागचा शब्द ग्रीक. तिकडे यू म्हणजे चांगलं. अंगेलोस म्हणजे निरोप्या. दोन्ही मिळून सुवार्तेचा शब्द झाला."

"यू म्हणजे सु!" हाटे सर न राहवून पुटपुटले, आणि इतिवृत्ताच्या समासात त्यांनी ते टिपूनही घेतलं.

"आणि फार पूर्वी, आमच्या धर्माच्याही आधी, त्या शब्दाचा अर्थ बातमी असा नव्हताच. बातमी आणणाऱ्याला जी भेट द्यायची, त्या भेटीला तो शब्द होता. लढाई जिंकल्याचा निरोप घेऊन कोणी धावत आला, की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. नंतर तो शब्द खुद्द बातमीला लागला. आज तुम्ही मला दोन शाली, दोन नारळ आधीच दिलेत. आणि माझ्याजवळ तुमच्या साकवाची बातमी नव्हती. घेतलेली भेट अंगावर राहू नये, म्हणून दोन तास खुर्चीवर बसलो. आता फिटली." मग त्यांनी, ज्यासाठी नगरहून आले होते ते, पाच मिनिटांत सांगितलं. साध्या शब्दांत, कोणाला कमी न लेखता. कोणी मान डोलावली, कोणी नाही डोलावली. कोणी उठून मात्र गेलं नाही.

चहा झाला. ओहोळ पिशवी खांद्याला लावून निघाले, तेव्हा आवडीने हाटे सरांच्या वहीवर हात ठेवला. "आजून एक ठराव लिवा, गुरुजी. फुडच्या वार्षिक सभेला अध्यक्षस्थानी हाच बाबा."

"मंजूर!" मुरारीशेठ म्हणाले. "मंजूर!" अनिल म्हणाला. सहा वर्षांत दोघांचं इतक्या झटपट एकमत कधी झालं नव्हतं.

ओहोळ दारातच उभे राहिले. "सर, पस्तीस वर्षांत किती गावं पालथी घातली त्याचा हिशेब नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या गावचा रस्ता दाखवणारे खूप भेटले. परत या म्हणणारं हे पहिलं गाव."

दुसऱ्या दिवशी सरांनी इतिवृत्त सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. ओहोळांनी सभेतच सही केलेला ठराव अर्जाला जोडून आवडीने स्वतः कचेरीत नेऊन दिला. ती जाताना लाकडावरूनच गेली, पण अर्जाची पोच घेऊन आली. इतिवृत्ताची प्रत सहीसाठी टपालाने नगरला गेली आणि आठवड्याने परत आली. सरांनी पाकीट जेवता जेवताच फोडलं. शेवटी ओहोळांची सही होती, आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी.

'सर, इतिवृत्त उत्तम झालं आहे. फक्त सु ऱ्हस्व असतो. आपण घाईत दीर्घ लिहिला आहे, अकरा ठिकाणी. पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. लहान तोंडी मोठा घास, राग नसावा.'

हाटे सरांनी चष्मा पुसला आणि सगळी पानं पुन्हा पाहिली. अकरा. नेमके अकरा.

"काय आलंय?" गीताबाईंनी विचारलं.

"प्रुफं," सर म्हणाले. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसले.